नवा ब्रॉडबँड आला आणि ऑफिसचा लेझर प्रिंटर ऑफलाइन गेला : आयपी नेमका कुठे बदलायचा?

तळटीप | सोमवार, स. १०:१२

सीए ऑफिस, नऊ संगणक (सात विंडोज १०, दोन विंडोज ११). प्रिंटर एचपी लेझरजेट प्रो एम४०४डीएन, लॅन केबलने स्विचला, स्विच राउटरला. शनिवारी इंटरनेट कंपनी बदलली, जुना राउटर गेला, नवा आला. इंटरनेट व्यवस्थित चालतंय. प्रिंटर मात्र नऊही संगणकांवर ऑफलाइन.

प्रिंटरच्या कॉन्फिगरेशन रिपोर्टवर हे छापून येतं:
आयपी ॲड्रेस १९२.१६८.१.५०
सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०
डीफॉल्ट गेटवे १९२.१६८.१.१
कॉन्फिग मेथड : मॅन्युअल

संगणकावर आयपीकॉन्फिग चालवलं की १९२.१६८.२९.११४ येतो, गेटवे १९२.१६८.२९.१.

करून झालेलं: प्रिंटर बंद-चालू, केबल बदलली, एका संगणकावर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला (तिथे आता प्रिंटर सापडतच नाही). पिंग केलं (प्रिंटर उत्तर देतो का ते संगणकावरून विचारलं) तर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. काय राहिलं?

---

स्विचमागे | सोमवार, स. १०:२५

उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. तिसरा आकडा बघा: प्रिंटरचा १, संगणकाचा २९. मास्क २५५.२५५.२५५.० असला की पहिले तीन आकडे सारखे असलेलीच यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात. संगणकाला १.५० कडे जायचं असलं की तो ते काम गेटवेवर, म्हणजे राउटरवर, सोपवतो, आणि नव्या राउटरला १.५० नावाचं काहीच माहीत नाही.

जुना राउटर १९२.१६८.१ मालिका वाटत होता, नवा १९२.१६८.२९ वाटतो. प्रिंटरचा आकडा कोणीतरी हाताने बसवलाय, म्हणून तो जुन्या जागीच बसून आहे. ड्रायव्हरचा यात काही दोष नाही, राहिलेल्या आठ संगणकांवर त्याला हात लावू नका.

---

कागदी_वाघ | सोमवार, स. १०:४०

प्रिंटर फॅक्टरी रीसेट मारा. डीएचसीपीवर जाईल, नव्या राउटरकडून आपोआप आयपी घेईल. विषय संपला.

---

स्विचमागे | सोमवार, स. १०:४८

संपत नाही हो. रीसेटने प्रिंटर नव्या मालिकेत येईल, उदाहरणार्थ २९.१३७ वर. पण नऊ संगणकांचे पोर्ट (विंडोजमधली प्रिंटरच्या पत्त्याची नोंद) अजून १.५० लाच शोधत राहतील. वर ॲडमिन पासवर्ड, ट्रेचा कागद, झोपायची वेळ, सगळं पुन्हा भरा. आणि महिन्याभराने राउटरने १३७ च्या जागी १४१ दिला की पुन्हा हाच धागा वर येईल. डीएचसीपीवरच न्यायचं असेल तर मेनूत मॅन्युअलचं ऑटोमॅटिक केलं की झालं, रीसेट कशाला?

---

लॅनकरी | सोमवार, स. ११:३०

दोन रस्ते आहेत. कुठला घ्यायचा हे ठरवण्याआधी एक चक्कर मारा आणि बघा, ऑफिसात आणखी काय काय जुन्या मालिकेत हाताने बसवलंय. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, हजेरीचं थंब मशीन, टॅलीचा डेटा ज्यावर आहे तो संगणक, वायफायचा जादा ॲक्सेस पॉइंट. प्रिंटरची बोंब लगेच होते कारण कागद लागतो. डीव्हीआर मोबाइलवर दिसत नाहीये हे सहसा चार दिवसांनी कळतं.

पहिला रस्ता, राउटरच जुन्या मालिकेवर आणणं. अशा दोन-तीन वस्तू निघाल्या तर हाच घ्या. ब्राउझरमध्ये १९२.१६८.२९.१ उघडा, राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ करा. तिथेच डीएचसीपीची सुरुवात आणि शेवट असे दोन रकाने असतात, तेही बदला: १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९. हे दोन रकाने राहिले तर राउटर १.१ वर जातो आणि संगणकांना मात्र २९ चे पत्ते वाटत बसतो. मग इंटरनेटही जातं आणि राउटरचं पानही उघडत नाही. काही राउटर रकाने स्वतःच बदलतात, तरी डोळ्यांनी बघून घ्या. सेव्ह केलं की ब्राउझर लटकतो, कारण पान ज्या पत्त्यावर होतं तो पत्ताच उरलेला नसतो. घाबरू नका. संगणकाची केबल काढून लावा किंवा आयपीकॉन्फिग रिलीज आणि रिन्यू करा, मग १९२.१६८.१.१ उघडा. प्रिंटरला, नऊ संगणकांच्या पोर्टना, कशालाच हात लावावा लागत नाही.

अडचण दोन ठिकाणी येऊ शकते. एक, कंपनीच्या राउटरमध्ये लॅनचं पान ग्राहकाला कुलूपबंद असतं. दोन, भिंतीवर फायबरचा डबा वेगळा आणि त्याच्यापुढे तुमचा राउटर अशी जोडणी असेल आणि त्या डब्याचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल तर राउटरच्या दोन्ही अंगांना एकच मालिका होते. राउटर एकतर ते घेतच नाही किंवा घेतो आणि इंटरनेट बंद पडतं.

दुसरा रस्ता, प्रिंटरला नव्या मालिकेत आणणं. एम४०४ च्या पॅनेलवर ओके, मग सेटअप, नेटवर्क सेटअप, आयपीव्ही४ कॉन्फिग मेथड, मॅन्युअल (शब्द फर्मवेअरप्रमाणे, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरप्रमाणे, थोडे इकडेतिकडे). आयपी, मास्क, गेटवे अशा क्रमाने भरा: १९२.१६८.२९.२४०, २५५.२५५.२५५.०, १९२.१६८.२९.१. बाणांनी आकडा, ओकेने पुढे. बारा आकडे बाणांनी चढवताना एखादा हमखास चुकतो, म्हणून शेवटी रिपोर्ट पुन्हा छापून वाचा.

पॅनेलपेक्षा ब्राउझर सोपा, पण प्रिंटर जुन्या मालिकेत असताना त्याचं पान उघडणार कसं? एका लॅपटॉपला केबल लावा, इथरनेटच्या आयपीव्ही४ प्रॉपर्टीजमध्ये हाताने १९२.१६८.१.७७ आणि मास्क २५५.२५५.२५५.० भरा, गेटवे रिकामा ठेवा. वायफाय बंद. आता १९२.१६८.१.५० उघडेल. ब्राउझर ‘कनेक्शन खाजगी नाही’ म्हणून ओरडेल, प्रिंटरचं सर्टिफिकेट त्यानेच स्वतःला दिलेलं असतं म्हणून. ॲडव्हान्स्ड दाबून पुढे जा. नेटवर्किंग टॅब, आयपीव्ही४, नवे आकडे, ॲप्लाय. पान इथेही लटकेल. लॅपटॉप परत ऑटोमॅटिकवर आणायला विसरू नका. विसरला तर उद्या ‘इंटरनेट चालत नाही’ हा वेगळा धागा निघेल.

---

गाळपेर | सोमवार, दु. १२:०५

२४० रिकामा आहे हे कशावरून? नुसतं पिंग करून ‘उत्तर नाही म्हणजे मोकळा’ असं धरू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला बऱ्याचदा उत्तरच देत नाही. पिंग केल्यावर लगेच एआरपी हायफन ए (arp -a) ही आज्ञा चालवा. त्या यादीत २४० समोर मॅक ॲड्रेस (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दिसला तर तिथे कोणीतरी बसलेलं आहे, पिंगला गप्प असलं तरी. फायरवॉल पिंग अडवते, एआरपीला उत्तर द्यावंच लागतं.

आणि बंद असलेलं यंत्र कशालाच उत्तर देत नाही. म्हणून खरी खात्री राउटरच्या डीएचसीपी रकान्यातून. कंपन्यांचे राउटर बऱ्याचदा २ ते २५४ सगळंच वाटपात टाकतात. ते १०० ते १९९ वर आणा, मग २०० च्या वरचे आकडे तुमचे. वाटपातला आकडा हाताने प्रिंटरला दिला तर आज चालेल. एखाद्या दिवशी राउटर तोच आकडा कोणाच्या तरी मोबाइलला देईल. मग प्रिंटर सकाळी छापतो, जेवणानंतर छापत नाही, साडेसहाला मोबाइलवाला घरी गेला की पुन्हा छापतो.

---

तळटीप | सोमवार, दु. १२:२०

चक्कर मारली. डीव्हीआर १.६०, थंब मशीन १.७०. दोन्ही गेलेत.
पिंगबद्दल एक शंका. एका संगणकावर २९.२४० ला पिंग केलं तर चार पाठवले, चार मिळाले, लॉस्ट शून्य असं आलं. म्हणजे भरलेला आहे ना?

---

गाळपेर | सोमवार, दु. १२:२८

वरच्या चार ओळी वाचा. ‘रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.२९.११४ : डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं असणार. ११४ तुमचाच संगणक. तोच स्वतःला सांगतोय की २४० सापडला नाही, आणि विंडोज ते उत्तरही ‘मिळाले’मध्ये मोजतं. लॉस्ट शून्य यावर कधी जाऊ नका. ओळीत ‘बाइट्स, टाइम, टीटीएल’ असेल तरच समोरचं यंत्र बोललं.

तसंच ‘टाइम्ड आउट’ आणि ‘अनरीचेबल’ यांतला फरक कामाचा आहे. आपल्याच मालिकेतलं यंत्र हजर नसेल तर बहुतेक वेळा स्वतःच्या पत्त्यावरून अनरीचेबल येतं. टाइम्ड आउट आला की एकतर समोरचा गप्प आहे किंवा, तुमच्या १.५० सारखं, पाकीट गेटवेकडे जाऊन हरवलंय.

---

मेणकागद | सोमवार, दु. १:१०

प्रिंटरला हाताने आयपी देणंच मुळात चूक. डीएचसीपीवर ठेवा आणि राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन करा: प्रिंटरचा मॅक आणि हवा तो आकडा यांची जोडी. मॅक कॉन्फिगरेशन रिपोर्टवर छापलेला असतो, बारा अक्षरं-आकडे. फायदा असा की गेटवे, डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) सगळं राउटर देतो, कोण कुठे बसलंय याची यादी एका जागी राहते, आणि मालिका बदलली की प्रिंटर आपोआप तिकडे जातो.

---

लॅनकरी | सोमवार, दु. १:४५

मोठ्या ऑफिसला, स्वतःचा राउटर आणि तो सांभाळणारा माणूस असेल तर मान्य. नऊ संगणकांच्या ऑफिसला मी नाही सांगणार.

रिझर्व्हेशन राउटरच्या पोटात असतं. राउटर बदलला, कंपनीच्या माणसाने रीसेटची पिन दाबली, की ती यादी गेली. इथे नेमकं राउटरच बदललंय. मालिका बदलल्यावर प्रिंटर आपोआप तिकडे जातो हे खरं, पण संगणकांच्या पोर्टमध्ये जुना आकडाच असतो, मग गेला काय आणि नाही काय.

दुसरं, लाइट. लाइट जाऊन आली की प्रिंटर मिनिटाभरात उठतो, फायबरचा डबा आणि राउटर दोन-तीन मिनिटं घेतात. प्रिंटर डीएचसीपीला हाका मारतो, कोणी ओ देत नाही, मग तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. काही मॉडेल मागे पुन्हा हाका मारत राहतात आणि दोन मिनिटांनी सुधारतात, काही तशीच बसतात, बंद-चालू करेपर्यंत. हाताने दिलेल्या आयपीला राउटर लागतच नाही. नुसता स्विच जिवंत असला तरी पान छापलं जातं.

हाताने द्या, पण वाटपाच्या बाहेरचा द्या.

---

मेणकागद | सोमवार, दु. २:०२

लाइटचा मुद्दा मान्य. मग निदान राउटरमध्येही तोच आकडा त्याच मॅकला राखून ठेवा. कोणी प्रिंटर रीसेट केला तरी तो परत त्याच जागी येईल. काही राउटर वाटपाच्या बाहेरचा आकडा राखू देत नाहीत, तिथे उपाय नाही.

आणि पोर्टमध्ये आकड्याऐवजी प्रिंटरचं नाव टाकता येतं. एचपीचं मूळ नाव एनपीआय आणि मॅकची शेवटची सहा अक्षरं, क्योसेराचं केएम आणि शेवटची सहा, ब्रदरचं केबलवर बीआरएन, वायफायवर बीआरडब्ल्यू आणि पुढे पूर्ण मॅक. राउटर ते नाव ओळखत असेल तर मालिका बदलली तरी पोर्ट बदलावा लागत नाही. आधी नावाने पिंग करून बघा. चाललं नाही तर नाद सोडा.

---

स्विचमागे | सोमवार, दु. ३:१५

तळटीप, डीव्हीआर आणि थंब मशीनही १ च्या मालिकेत आहेत म्हणजे तुमच्यासाठी पहिला रस्ता. राउटर १.१ वर न्या.

पण त्याआधी, आणि हे महत्त्वाचं, नऊही संगणकांवरच्या प्रिंट रांगा रिकाम्या करा. शनिवारपासून प्रत्येकाने पाच-पाच वेळा प्रिंट दाबलं असणार. ते सगळं रांगेत थांबलंय. प्रिंटर सापडल्या क्षणी सगळं छापून निघेल, ट्रेमधला कागद संपेपर्यंत. रांगेतून डिलीट होत नसेल तर सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरात ‘प्रिंटर्स’ नावाचं फोल्डर आहे, त्यातल्या फाइली उडवा (फोल्डर नको), स्पूलर चालू करा.

पुढे कोणी दुसऱ्या रस्त्याने जाणार असेल तर संगणकावरचं काम: सेटिंग्ज, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तो प्रिंटर, प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स. तिथे कॉन्फिगर पोर्टमध्ये आकडा बदलता येतो, पण पोर्टचं नाव जुनंच राहतं. नाव १९२.१६८.१.५० आणि आत २९.२४०, पुढे बघणारा माणूस चक्रावतो. त्यापेक्षा ॲड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, नवा आकडा, फिनिश. नव्या पोर्टसमोर खूण आली की जुना डिलीट. प्रोटोकॉल रॉ, पोर्ट ९१००, ते जसं येतं तसं ठेवा. संगणक जास्त असतील तर पॉवरशेलच्या ॲड-प्रिंटरपोर्ट आणि सेट-प्रिंटर या आज्ञांनी होतं.

पोर्टच्या नावाची सुरुवात डब्ल्यूएसडीने होत असेल तर तिथे आकडा बदलता येत नाही. विंडोज प्रिंटर आपोआप शोधून जोडतं तेव्हा बऱ्याचदा हा पोर्ट लावतं. लॅपटॉप झोपून उठला की प्रिंटर ऑफलाइन, ही तक्रार बहुधा याच पोर्टची. त्यालाही नवा टीसीपी/आयपी पोर्ट द्या.

---

ओली_शाई | सोमवार, सं. ५:४०

पिंगला उत्तर येतं, ब्राउझरमध्ये प्रिंटरचं पान उघडतं, तरी एका संगणकावर ऑफलाइनच. पोर्ट टीसीपी/आयपी, आकडा बरोबर. इथेच विचारते.

---

स्विचमागे | सोमवार, सं. ५:५२

ताई, त्याच पोर्टच्या कॉन्फिगरमध्ये खाली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची खूण काढा. विंडोज प्रिंटरला एसएनएमपीने, यूडीपी १६१ वर, ‘पब्लिक’ हा परवलीचा शब्द वापरून तब्येत विचारतं. प्रिंटरवर एसएनएमपी बंद असेल किंवा तो शब्द बदललेला असेल तर उत्तर येत नाही आणि विंडोज त्याला मेलेला समजतं, ९१०० उघडा असला तरी. खूण काढली की टोनर-कागदाची स्थिती दिसणार नाही, छपाई होईल. त्याआधी रांगेच्या खिडकीत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ला कोणी खूण केलेली नाही ना, तेही बघा.

---

मोडीवाचक | मंगळवार, स. ९:२०

आमच्याकडे एचपी १०२० आहे. नेटवर्कवर आणायला छोटा यूएसबी प्रिंट सर्व्हरचा डबा घेतला तर चालेल का?

---

गाळपेर | मंगळवार, स. ९:४१

नका घेऊ. १०२० ला स्वतःचं फर्मवेअर कायमचं ठेवायची जागा नाही. प्रत्येक वेळी चालू केला की ड्रायव्हर संगणकावरून ते आत ढकलतो. साध्या डब्याला ते जमत नाही. प्रिंटरचा दिवा लागतो आणि पान येत नाही. कॅननचा एलबीपी २९०० पण यूएसबीवाला, संगणकाच्या जिवावर चालणारा.

एका संगणकाला जोडून विंडोजमधून शेअर करा, तो संगणक चालू राहील एवढंच बघा. शेअर करताना ०x०००००११बी एरर आला तर ती सप्टेंबर २०२१ च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतरची भानगड. रजिस्ट्रीत एक आकडा शून्य करायचा उपाय सगळीकडे फिरतो. त्याने चालतं, पण ज्या भोकासाठी अपडेट आलं तेच परत उघडतं. आधी दोन्हीकडचं विंडोज पूर्ण अपडेट करा, मग बघा.

नवा घेणार असाल तर नावाची शेपटी वाचा. एन म्हणजे लॅनचं भोक, डब्ल्यू म्हणजे वायफाय, डी म्हणजे दोन्ही बाजूंनी छपाई. नुसता डी असेल तर पुन्हा यूएसबीच.

---

ओली_शाई | मंगळवार, स. ११:०५

खूण काढली, चालला. वायफायवाल्या प्रिंटरचं विचारायचं होतं: ब्रदर एचएल-एल२३५१डीडब्ल्यू, नवा राउटर आल्यापासून यादीत आमचं वायफायच दिसत नाही.

---

लॅनकरी | मंगळवार, स. ११:३०

तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर ऐकतो. नव्या राउटरने २.४ बंद ठेवलं असेल, किंवा सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल, तर जोडला जाणार नाही. २.४ चालू करा, त्याला वेगळं नाव द्या, सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस. वाहिनी १, ६ किंवा ११. १२-१३ वर असेल तर काही यंत्रांना दिसत नाही.

जोडला गेला आणि तरी संगणकाला सापडला नाही तर गेस्ट वायफायवर जोडलाय का बघा. गेस्टमध्ये यंत्रांना एकमेकांशी बोलायला मुद्दाम बंदी असते. ‘एपी आयसोलेशन’ नावाची खूण मुख्य वायफायलाही असते, ती काढलेली हवी.

आयपी हाताने द्यायचा तर नेटवर्क, डब्ल्यूलॅन, टीसीपी/आयपी, बूट मेथडमध्ये स्टॅटिक. ‘ऑटो’वर ठेवून आकडा भरला तर तो टिकत नाही. ब्राउझरमधून जात असाल तर पासवर्ड मागच्या बाजूच्या स्टिकरवर ‘पीडब्ल्यूडी’समोर, जुन्या मॉडेलना इनिटपास. आत गेल्यावर तो बदला. आणि राउटरमधून प्रिंटरचा ९१०० बाहेर इंटरनेटला उघडून देऊ नका, घरून छापायचं असलं तरी. नोव्हेंबर २०१८ मध्ये असे उघडे पडलेले प्रिंटर हुडकून त्यांच्यावर एका यूट्यूब वाहिनीची जाहिरात छापली गेली होती; करणाऱ्याचा दावा पन्नास हजार प्रिंटरचा.

---

कागदी_वाघ | मंगळवार, दु. १२:१५

स्कॅनचं कोणी बोललंच नाही. राउटर बदलल्यावर छपाई सुरू झाली तरी ऑल-इन-वनचं ‘स्कॅन टू फोल्डर’ बंदच राहतं. का?

---

गाळपेर | मंगळवार, दु. १२:५०

चांगला प्रश्न. छपाईत संगणक प्रिंटरला शोधतो, स्कॅनमध्ये प्रिंटर संगणकाला शोधतो. प्रिंटरच्या ॲड्रेस बुकात त्या संगणकाचा जुना आयपी लिहिलेला असतो, आणि नव्या राउटरने संगणकाला दुसराच दिलेला असतो. म्हणजे ज्या संगणकावर स्कॅन येतात त्यालाही पक्का आकडा हवा.

तो जुळवला तरी नाही चाललं तर विंडोजचं नेटवर्क प्रोफाइल बघा. राउटर नवा म्हणजे विंडोजच्या लेखी नेटवर्क नवं, आणि ते ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं जातं. पब्लिकवर फोल्डर शेअरिंग बंद असतं. सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट, ‘प्रायव्हेट’. मोडीवाचक यांच्यासारखा शेअर केलेला यूएसबी प्रिंटरही याच कारणाने गायब होतो.

मग पासवर्ड. विंडोज उघडायला चार आकडी पिन वापरता, ती पिन इथे चालत नाही. खात्याचा खरा पासवर्ड लागतो. पासवर्डच नसलेलं खातं नेटवर्कवरून आत घेतलं जात नाही. फक्त स्कॅनसाठी एक लोकल खातं काढा, त्या फोल्डरला लिहायची परवानगी त्यालाच द्या, शेअरिंग आणि सिक्युरिटी अशा दोन्ही टॅबमध्ये.

जुन्या यंत्रांची आणखी एक गोष्ट. ती फक्त एसएमबी १ (फोल्डर शेअरिंगची जुनी भाषा) बोलतात, आणि विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या विंडोजमध्ये तो बंद येतो. २०१७ चं वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) त्याच दारातून पसरलं. तो परत चालू करू नका. फर्मवेअर अपडेटने एसएमबी २ येतो का बघा. नाही तर स्कॅन ई-मेलने पाठवा.

---

मेणकागद | मंगळवार, दु. १:२०

ई-मेलचं सांगतो. सर्व्हर जीमेलचा एसएमटीपी, पोर्ट ५८७, सुरक्षा स्टार्टटीएलएस. नेहमीचा पासवर्ड मे २०२२ च्या शेवटापासून चालत नाही. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, मग १६ अक्षरी ॲप पासवर्ड निघतो. तो चार-चार अक्षरांच्या गटात दिसतो. प्रिंटरमध्ये मधल्या मोकळ्या जागा न ठेवता भरा.

इथे हाताने आयपी देणारे हमखास अडकतात. आयपी, मास्क, गेटवे बदलतात आणि डीएनएस जुन्या राउटरचाच राहतो. छपाईला डीएनएस लागत नाही म्हणून कळत नाही. मेल मात्र ‘सर्व्हर सापडला नाही’ म्हणतो. डीएनएसमध्ये नव्या राउटरचा पत्ता किंवा ८.८.८.८ टाका. प्रिंटरचं घड्याळही बघा. २०१० साल दाखवत असेल तर सर्टिफिकेटची तारीख जुळत नाही आणि जोडणी तुटते.

---

ओली_शाई | मंगळवार, दु. ३:३०

केबलवरच्या दुसऱ्या प्रिंटरला पन्नास पानांची पीडीएफ पाठवली की पाच पानं, थांबतो, पाच पानं. वायफायचा संबंध नाही.

---

स्विचमागे | मंगळवार, दु. ३:४४

प्रिंटरच्या नेटवर्क मेनूत लिंक स्पीड बघा. कोणी तिथे ‘१०० फुल’ असं पक्कं केलं असेल आणि स्विच ऑटोवर असेल तर स्विच वेग ओळखतो, पण दुतर्फा बोलायचं की आळीपाळीने हे त्याला कळत नाही, आणि तो हाफवर जातो. एक यंत्र एकाच वेळी बोलतं-ऐकतं, दुसरं थांबून थांबून. छोटी पानं निघतात, मोठी फाइल अडखळते. दोन्हीकडे ऑटो ठेवा. ऑटोवरही दिवा लागतो-विझतो करत असेल तर केबल: १०० च्या वेगाला १, २, ३ आणि ६ या चारच तारा लागतात, आणि घरी दाबलेल्या कनेक्टरात ३ आणि ६ वेगवेगळ्या जोडीतल्या निघणं ही नेहमीची चूक. तारा सलग रंगांनी लावल्या की असं होतं. बरोबर क्रम: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम.

---

तळटीप | मंगळवार, सं. ६:१०

रांगा रिकाम्या केल्या, राउटर १९२.१६८.१.१ वर, वाटप १०० ते १९९. आठ संगणकांवर काहीही न करता प्रिंटर परत आला. डीव्हीआर आणि थंब मशीनही.

नववा राहिला, ड्रायव्हर काढला होता तो. आयपीने जोडतोय. प्रिंटरवर चिकटवलेल्या कागदावर १९२.१६८.००१.०५० आहे, तसंच टाकलं तर ‘डिव्हाइस नॉट फाउंड’. पिंग केलं तर विंडोज लिहितं ‘पिंगिंग १९२.१६८.१.४०’. मी ५० टाकतोय, ते ४० का शोधतंय?

---

गाळपेर | मंगळवार, सं. ६:१८

पुढचे शून्य काढा. शून्याने सुरू होणारा आकडा विंडोज अष्टमान पद्धतीतला समजतं, आणि अष्टमानात ०५० म्हणजे पाच गुणिले आठ, ४०. नुसतं १९२.१६८.१.५० टाका. डिव्हाइस टाइपमध्ये ‘टीसीपी/आयपी डिव्हाइस’ निवडा, ऑटोडिटेक्ट नको; तो पुन्हा डब्ल्यूएसडी पोर्ट लावून ठेवेल.

---

तळटीप | मंगळवार, सं. ६:२६

जोडला, चाचणी पान आलं. प्रिंटरवरचा कागद बदलून १९२.१६८.१.५० असा लावलाय, खाली मॅक आणि ‘वाटप १०० ते १९९’ लिहून.